गरोदरपणात चेहऱ्यावर पुरळ उठल्यास काय करावे, काय टाळावे

गरोदरपणात चेहऱ्यावर पुरळ उठले की घरात दोन परस्परविरुद्ध सल्ले मिळतात. "आता काही लावू नकोस, बाळंतपणानंतर आपोआप जाईल" हा एक, आणि "कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आण, दोन दिवसांत उतरेल" हा दुसरा. दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण पहिल्यामुळे सहज बरा होणारा, क्वचित गंभीरही असणारा आजार महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो, आणि दुसऱ्यामुळे साधे पुरळ चिघळते. पुरळ कशाचे आहे हे कळेपर्यंत चेहऱ्याला कमीत कमी गोष्टी लावाव्यात आणि ते कळल्यावर मात्र सुरक्षित उपचार निःसंकोच घ्यावेत, या क्रमाने चालल्यास आई आणि बाळ दोघांचेही हित राहते.

सर्वप्रथम तातडीची लक्षणे पाहावीत

पुरळाबरोबर ताप असेल तर घरगुती उपायांचा विचारही करू नये. गोवर आणि रुबेला या दोन्ही आजारांत पुरळ बहुधा चेहऱ्यापासून सुरू होऊन खाली पसरते. रुबेला आईला सौम्य वाटला तरी पहिल्या तीन महिन्यांत तो बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांना गंभीर इजा करू शकतो. लहान मुलांच्या गालांवर थप्पड मारल्यासारखा लाल रंग आणणारा पार्व्होव्हायरसचा संसर्ग गर्भवतीला विसाव्या आठवड्याच्या आत झाला, तर बाळाच्या रक्तावर त्याचा परिणाम होऊ शकतो. कांजिण्यांविषयी तर विशेष सावध राहावे, कारण त्यात गर्भवतीला न्यूमोनिया होण्याची भीती असते. कांजिण्या झालेल्या मुलाच्या सहवासात आपण आलो असू, आणि लहानपणी आपल्याला त्या झाल्या नसतील किंवा तशी आठवण नसेल, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. संपर्कानंतर साधारण दहा दिवसांच्या आत संरक्षक इंजेक्शनाचा विचार करता येतो, आणि पुरळ उठल्यावर विषाणूविरोधी औषध पहिल्या चोवीस तासांत सुरू झाले तर ते अधिक उपयोगी पडते. ताप आणि पुरळ असे दोन्ही असताना दवाखान्यात जाण्यापूर्वी फोन करून तसे सांगावे, कारण तिथल्या बाकावर शेजारी दुसरी गर्भवतीच बसलेली असते.

ओठ, जीभ किंवा पापण्या एकाएकी सुजल्या, आवाज बसला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. विसाव्या आठवड्यानंतर चेहरा सुजला आणि त्याबरोबर डोके दुखणे, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसणे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे असे काही असेल, तर तो त्वचेचा आजार समजू नये. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी. चेहऱ्याच्या एकाच बाजूला, विशेषतः डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर दुखणारे फोड आले तर ती नागीण असू शकते आणि तिच्यामुळे डोळ्याला धोका असतो. एखादे नवे औषध सुरू केल्यानंतर अंगावर फोड आले, तोंडात जखमा झाल्या किंवा कातडी सुटू लागली तर त्या औषधाची पुढची मात्रा न घेता थेट रुग्णालय गाठावे.

यांपैकी काही नसेल तर

ताप नाही, सूज नाही, केवळ चेहऱ्यावर लाली, बारीक पुरळ, खाज किंवा पापुद्रे आहेत, अशा वेळी पहिले तीन-चार दिवस चेहऱ्याला लावण्याच्या सर्व गोष्टी थांबवाव्यात. सर्व म्हणजे खरोखरच सर्व: फेसवॉश, स्क्रब, पावडर, गोरेपणाची क्रीम, काजळ, मेकअप, ब्लीच, थ्रेडिंग, केसांना लावायचा कलप, आणि कपाळाची टिकलीसुद्धा. कोणती गोष्ट बाधते हे शोधण्याचा याहून सोपा मार्ग नाही, आणि कित्येकदा एवढ्यानेच पुरळ ओसरते.

चेहरा दिवसातून दोनदा साध्या, गार किंवा कोमट पाण्याने धुवावा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा, पुसू नये. इंदूरच्या अनेक वसाहतींत नर्मदेचे पाणी ठरावीक वेळीच येते आणि उरलेल्या दिवसात बोरिंगचे जड पाणी वापरावे लागते. या क्षारयुक्त पाण्याने आधीच कोरडी झालेली त्वचा अधिक ताणल्यासारखी होते, म्हणून चेहऱ्यापुरते तरी नर्मदेचे पाणी बाजूला भरून ठेवावे. चेहरा किंचित ओलसर असतानाच सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे. वेष्टनावर ग्लिसरीन, सेरामाइड, डायमेथिकोन किंवा पेट्रोलियम जेली अशी नावे आणि 'सुगंधविरहित' असा उल्लेख पाहावा. महागड्या नावाची गरज नाही. त्वचा फार कोरडी असेल, पण मुरूम नसतील, तर पांढरी पेट्रोलियम जेली पातळसर लावली तरी चालते. खाज सुटल्यास गार पाण्यात भिजवून पिळलेली घडी पाच-दहा मिनिटे ठेवावी. कॅलामाइन लोशनही गरोदरपणात लावता येते, मात्र ते त्वचा कोरडी करते, त्यामुळे पापुद्रे सुटत असलेल्या जागी ते टाळावे.

पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या नैसर्गिक उजेडात चेहऱ्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. पुरळ कधी उठले, गरोदरपणाचे किती आठवडे झाले आहेत, त्याआधीच्या पंधरवड्यात कोणती नवी गोळी, क्रीम, तेल किंवा खाद्यपदार्थ घेतला आणि घरात आणखी कोणाला खाज आहे काय, हे दोन-चार ओळींत लिहावे. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत पुरळ अनेकदा बदललेले असते. अशा वेळी हे फोटो आणि ही टिपणे तपासणीइतकीच मोलाची ठरतात.

पुरळाचे रूप काय सांगते

निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे, तरीही पुरळाची जागा आणि रूप पाहिल्यास कोणाकडे आणि किती लवकर जायचे याचा अंदाज येतो.

गाल, कपाळ आणि वरचा ओठ यांवर सपाट, तपकिरी, न खाजणारे डाग पसरले असतील तर ते वांग असण्याची शक्यता अधिक. ते संप्रेरके आणि सूर्यप्रकाश यांमुळे उमटतात, बाळाला त्यांचा काहीही त्रास नसतो. हनुवटी आणि जबड्याच्या कडेला काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पुटकुळ्या असतील तर ते मुरूम; ज्यांना पूर्वी कधी मुरूम आले नाहीत अशांनाही पहिल्या काही महिन्यांत ते येतात. भुवया, नाकाच्या बाजू आणि केसांच्या रेषेवर तेलकट, पिवळसर कोंड्यासारखे पापुद्रे आणि डोक्यातही कोंडा असेल तर तो सेबोरिक त्वचादाह असतो. तोंडाभोवती बारीक लाल पुटकुळ्या आणि ओठांलगत मात्र स्वच्छ त्वचेची अरुंद पट्टी राहिली असेल, तर चेहऱ्यावर कोणते स्टेरॉइड मलम वापरले गेले होते काय, हे आवर्जून आठवावे. कडा उंचावलेला, मध्ये मोकळा होत जाणारा आणि खाजणारा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण, ज्याला आपल्याकडे हिंदीच्या सवयीने 'दाद' म्हणतात. अशा वेळी घरातल्या इतरांच्या अंगावरही पाहावे, कारण टॉवेल आणि कपड्यांतून ते एकमेकांकडे जाते.

कपाळाच्या मधोमध, टिकलीच्या जागी खाज किंवा काळेपणा आला असेल तर कारण समोरच आहे. कुंकवातले रंग आणि टिकलीचा डिंक या दोन्हींची ॲलर्जी येते. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनामुळे तर त्या जागेचा रंग उडून पांढरा डाग पडू शकतो. सवाष्णीने कपाळ मोकळे ठेवणे काही घरांत मनाला लागते हे मी जाणून आहे. परंतु महिनाभर टिकली न लावणे हा उपचाराचा भाग आहे, असे डॉक्टरांकडूनच घरच्यांना सांगवले तर प्रश्न सहज सुटतो.

दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरलेली, उन्हात वाढणारी, परंतु नाकाच्या कडेपासून ओठांकडे येणाऱ्या घड्या मोकळ्या सोडणारी लाली दिसली आणि तिच्याबरोबर सांधेदुखी, तोंडात वारंवार फोड, केस गळणे किंवा फार थकवा असेल, तर ल्युपस या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराची तपासणी व्हायलाच हवी. गरोदरपणात हा आजार उचल खाऊ शकतो आणि मूत्रपिंडांवर व बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो; वेळेवर ओळखला तर मात्र गरोदरपणातही चालणाऱ्या औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो. 'उन्हाने गाल भाजले' असे समजून या लालीकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता आपल्या उन्हाळ्यात फार असते.

चेहऱ्याशी संबंध नसला तरी एक लक्षण इथेच सांगतो. शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात आणि तळपायांना, विशेषतः रात्री, तीव्र खाज सुटली तर ती यकृताशी संबंधित असू शकते. त्यासाठी यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी लवकर करून घ्यावी.

मेडिकलमधली 'सर्व रोगांवर एक' ट्यूब

आपल्या इंदूर शहरात औषधे मिळणे फार सोपे आहे. दवा बाजारातल्या घाऊक दुकानांपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत कुठेही 'चेहऱ्यावर खाज आहे' असे म्हटले की बऱ्याचदा एकच ट्यूब पुढे केली जाते, जिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक असे तीन-चार घटक एकत्र असतात. दोन दिवसांत लाली आणि खाज उतरते, म्हणून ती ट्यूब घरात कायमची मुक्कामाला येते. आतून मात्र बुरशी दबून पसरत राहते, गजकर्णाचे मूळ रूप बदलून जाते, चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, बारीक केस आणि मुरूम येतात, आणि ट्यूब थांबवताच चेहरा पूर्वीपेक्षा अधिक लाल होऊन आग करू लागतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत यासाठी नियम कडक केले, तरीही मागणारा आणि देणारा दोघेही तयार असले की नियम कागदावर राहतो.

म्हणून ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन आणि मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावे आहेत. याचा अर्थ गरोदरपणात स्टेरॉइड मलम कधीच लावू नये असा नाही. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन डॉक्टरांच्या सांगण्यावरून काही दिवस, ठरावीक जागी, पातळसर लावल्याने बाळात व्यंग निर्माण होते असे आढळलेले नाही. तीव्र मलमे मोठ्या प्रमाणात, संपूर्ण गरोदरपणात मिळून ३०० ग्रॅमपेक्षा अधिक वापरली गेली, तेव्हा बाळाचे वजन कमी राहण्याशी त्यांचा संबंध दिसला आहे. ज्यांनी अशी ट्यूब पूर्वीपासून महिनोन्‌महिने लावली आहे, त्यांनी घाबरून ती एका दिवसात फेकून देण्याऐवजी ती सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ती कशी सोडवायची हे ते ठरवतील.

गोरेपणाच्या आणि डाग घालवण्याच्या क्रीमबाबत मी याहून कठोर आहे. डागांवरच्या अनेक मिश्रणांत स्टेरॉइडबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन असते. हायड्रोक्विनोन त्वचेतून बरेच शोषले जाते आणि ट्रेटिनोइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध आहे. दोन्ही गरोदरपणात टाळावीत. वेष्टनावर कंपनीचा पत्ता किंवा घटकांची यादी नसलेल्या स्वस्त क्रीममध्ये पारा असू शकतो. तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना आणि बाळाच्या मेंदूला अपाय करतो. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक किंवा मर्क्युरिओ असे शब्द दिसले तर ती क्रीम घरातच ठेवू नये.

मुरुमांसाठी पोटात घ्यायची आयसोट्रेटिनोइनची गोळी गरोदरपणात पूर्णपणे निषिद्ध आहे, कारण तिच्यामुळे बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात. दिवस राहिल्याचे ती चालू असताना लक्षात आले तर गोळी तात्काळ थांबवून त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. ॲडापालीन आणि टॅझारोटीन ही लावायची औषधेही थांबवावीत. चुकून काही दिवस ॲडापालीन लावले गेले असेल तर त्यासाठी जीव टांगणीला लावू नये, फक्त डॉक्टरांना सांगावे. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम करू शकतात, आणि गजकर्णासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या फ्लुकोनाझोल किंवा ग्रिसिओफल्विनच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

मग काय चालते

बरेच काही चालते. मुरुमांसाठी ॲझेलॅइक ॲसिड, अल्प तीव्रतेचे बेंझॉइल पेरॉक्साइड आणि लावायचे क्लिंडामायसिन ही औषधे गरोदरपणात वापरली जातात. ॲझेलॅइक ॲसिडचा वांगासाठीही उपयोग होतो. गजकर्णावर क्लोट्रिमाझोलचे साधे, स्टेरॉइड नसलेले मलम लावता येते, मात्र पुरळ गेल्यासारखे दिसले तरी डॉक्टरांनी सांगितलेला काळ पूर्ण करावा. खाजेसाठी सेटिरिझिन किंवा लोराटाडिन डॉक्टर देऊ शकतात. सॅलिसिलिक ॲसिड दोन टक्क्यांपर्यंतच्या फेसवॉशमध्ये, थोड्या जागेवर चालते. पार्लरमधले तीव्र पील नको. कोणतीही नवी वस्तू चेहऱ्यावर लावण्यापूर्वी ती कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहावी.

घरगुती उपायांत लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, लसूण आणि मोहरीचे तेल चेहऱ्यावर मुळीच लावू नये. यांनी त्वचा भाजते आणि त्या भाजल्याचे काळे डाग वर्षभर राहू शकतात. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि हळद निरोगी त्वचेला ठीक असेल, सुजलेल्या त्वचेला ते खरखरते. 'रक्त शुद्ध करणारी' पातळ औषधे, भस्मे आणि कडुनिंबाचा रस पोटात घेऊ नये. पाडव्याच्या प्रसादातली चिमूट आणि रोजचा पेलाभर रस यांत फार अंतर आहे.

ऊन आणि समारंभ

वांग असो, ल्युपस असो किंवा पुरळ बरे झाल्यावर राहिलेला डाग असो, ऊन टाळणे हा यातला समान उपचार आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन गरोदरपणात निर्धास्तपणे वापरता येते. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतके सनस्क्रीन चेहरा आणि मान यांना मिळून लागते. आपण बहुतेक जणी त्याच्या पाव हिश्शाएवढेच लावतो. बाहेर असल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन निवडावे, कारण दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो. स्कूटरवर तोंडाला घट्ट गुंडाळलेला सिंथेटिक दुपट्टा घामाने भिजून मुरूम आणि घामोळे वाढवतो. त्याऐवजी सैलसर, रोज धुतलेले सुती कापड आणि रुंद काठाची टोपी किंवा छत्री बरी.

डोहाळजेवणाच्या दिवशी मेकअप, फुलांचे दागिने आणि उटणे हे सारे एकदम चेहऱ्याजवळ येते. पुरळ चालू असेल तर मेकअप ओठ आणि डोळे यांपुरता ठेवावा, स्वतःचीच प्रसाधने वापरावीत आणि फुलांच्या वाडीची झालर गालांना टेकणार नाही अशी बांधावी. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहण्याचा मोह आवरून घरातच थांबावे. गर्दीचा धोका तर आहेच, शिवाय तिथे उधळला जाणारा रंग कशाचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि चिडलेल्या त्वचेतून रसायने अधिक शोषली जातात.

डॉक्टरांकडे जाताना

पुरळ आठवड्याभरात कमी झाले नाही, वाढत गेले, त्यातून पाणी किंवा पू आला, मधासारखी पिवळी खपली धरली किंवा झोप मोडू लागली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. इंदूरच्या सरकारी एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात त्वचारोग आणि स्त्रीरोग असे दोन्ही विभाग असल्यामुळे दोघांचा सल्ला एकाच आवारात घेता येतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांमध्ये चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवशीही पुरळाचा विषय काढावा. चेहऱ्याचा त्रास 'क्षुल्लक' वाटून सोनोग्राफी आणि वजनाच्या गडबडीत तो सांगायचा राहून जातो.

सोबत मातृ-शिशु संरक्षण कार्ड, फोटो, टिपण आणि आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक वस्तूची ट्यूब किंवा डबी न्यावी, सासूबाईंनी दिलेले तेल आणि मैत्रिणीने दिलेली क्रीम यांसह. त्वचारोगतज्ज्ञांना पहिल्याच वाक्यात आठवडे सांगावेत, आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावी. औषध किती दिवस, किती वेळा आणि किती जाड थराने लावायचे हे विचारून तिथेच लिहून घ्यावे.

बाळंतपणानंतर

वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुधा फिकट होतो, तरी सनस्क्रीन चालूच ठेवावे लागते. अंगावर पाजत असताना नवे औषध सुरू करायचे झाल्यास तसे डॉक्टरांना सांगावे, कारण बाळाचा गाल आईच्या गालाला सतत लागतो आणि चेहऱ्यावरचे मलम त्याच्या अंगावर व तोंडात जाते. मलम लावायचे तर बाळाला झोपवल्यानंतर. रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती नसल्याचे गरोदरपणात कळले असेल तर ती लस बाळंतपणानंतर घेता येते, स्तनपान चालू असतानाही, आणि तिच्यानंतर किमान एक महिना पुन्हा दिवस राहू देऊ नयेत.